चार आणि सात वर्षांची लेकरं घेऊन चंद्रपूर एका दिवसात कसं पाहावं?

ताई, तुमचा प्रश्न असा. गाव सिंदेवाही तालुक्यातलं, मुलगा सात वर्षांचा, मुलगी चारची, सोबत नवरा आणि सासूबाई. धान घरात आले की एक दिवस मोकळा काढून लेकरांना चंद्रपूरचा परकोट, देवळं, समाध्या दाखवायच्या आहेत. दीर मात्र म्हणतात, "एवढुशा पोट्ट्यांले जुने गोटे दाखवून का फायदा? थकतीन अन् रडतीन." तेव्हा न्यावं की नाही, आणि नेलं तर दिवस कसा लावावा.

मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. त्यात चंद्रपूरच्या सहली किती काढल्या याचा हिशेब नाही. आता नातवंडांना घेऊन जातो. न्या असंच सांगेन. पण दिरांचं म्हणणं निम्मं खरं आहे, आणि ते निम्मं समजून घेतलं नाही तर दिवस वाया जाईल.

माझी पहिली सहल सांगतो. तेव्हा मी नवीन, उत्साह फार. फळ्यावर नऊ ठिकाणं लिहिली आणि एकेकापुढे वेळ टाकली. अकरा वाजेपर्यंत चार ठिकाणं उरकली. बाराला पहिलीतलं एक पोरगं देवळाच्या पायरीवर झोपलं, दुसऱ्यानं उलटी केली, आणि मी समाधीसमोर उभा राहून गोंड राजांची वंशावळ सांगत होतो. ऐकत होता फक्त तिथला राखणदार. दुसऱ्या दिवशी पोरांना विचारलं, काय पाहिलं? निम्म्याहून जास्त पोरांनी सांगितलं, "बकरी." परकोटावर एक शेळी चढून पाला खात होती. नऊ ठिकाणांतून शेळी तेवढी उरली.

मला राग आला होता. पुढे कळलं की पोरांनी परकोट पाहिला होता, फक्त शेळीच्या पायांनी. एवढी उंच भिंत आणि तिच्यावर ही चढली कशी, हा प्रश्न त्यांना पडला होता. मी तो धरायला हवा होता, मी वंशावळ धरून बसलो.

म्हणून आता मी लेकरांना शहर दाखवत नाही. एक गोष्ट सांगतो आणि त्या गोष्टीमागून त्यांना चालवतो. चंद्रपूरचं नशीब असं की या शहराच्या जन्माची दंतकथाच मुळी एका पाठलागाची आहे. निघायच्या दोन-तीन दिवस आधी रात्री जेवणं झाल्यावर सांगून टाका. आजींनी सांगितली तर आणखी चांगलं.

खांडक्या बल्लाळशहा हा गोंड राजा वर्धा नदीच्या काठी बल्लारपुरात राहायचा. त्याच्या सगळ्या अंगावर गाठी होत्या, रात्र-रात्र झोप नसायची. राणी शहाणी होती, सगळं तीच पाहायची. एकदा राजा शिकारीला निघाला, तहान लागली, आणि झरपट नदीच्या कोरड्या पात्रात त्याला एका खळग्यात पाणी दिसलं. तो प्यायला, हातपाय-तोंड धुतलं. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली. सकाळी पाहतात तर गाठी जिरलेल्या. राणीनं तो खळगा शोधायला लावला, तिथे अंचलेश्वराचं देऊळ झालं. देवळाचं काम चाललं असताना राजाला एक उलटंच दृश्य दिसलं: कुत्रा पुढे पळतोय आणि ससा त्याच्या मागे लागलाय! सशाच्या कपाळावर पांढरा ठिपका, चांद. दोघं मोठं गोल रिंगण घालून धावले. राणी म्हणाली, हा शकुन आहे, ससा जिथून जिथून धावला तिथून भिंत बांधा आणि आत शहर वसवा. त्या चांदावरून चांदा, असं लोक सांगतात. सरकारी कागदांतही १९६४ पर्यंत चांदाच होतं, नंतर चंद्रपूर झालं.

इथे एक अडचण येते. बहुतेक जण सांगतात त्यात शेवटी कुत्रा वळतो आणि सशाला मारतो. मी कित्येक वर्षं तो भाग गाळायचो. एकदा तिसरीतल्या एका मुलीनं भर पात्राकाठी विचारलं, "गुरुजी, मंग ससा मेला का जी?" तिच्या आजीनं तिला आधीच सांगितलेलं होतं, ती फक्त माझी परीक्षा घेत होती. तेव्हापासून विचारलं तर खरं सांगतो, नाही विचारलं तर रिंगणावर थांबतो. तुमच्या चार वर्षांच्या मुलीसाठी रिंगण पुरे.

आता दिवस. हलके धान दिवाळीच्या आगेमागे आणि भारी धान डिसेंबरात निघाले की मोकळं होता येतं, आणि चंद्रपूरला जायला महिनेही तेच बरे, डिसेंबर-जानेवारी. मार्चनंतर लहान लेकरांना अजिबात नेऊ नका. चंद्रपूरचा उन्हाळा तुम्हाला मी काय सांगू, पण दगडाच्या भिंतीजवळ तो आणखी भाजतो. चैत्रात महाकालीची यात्रा असते, नांदेड-परभणीकडून लाखो माणसं येतात, झरपटीत आंघोळीची गर्दी असते. त्या दिवसांत देवीला जायचं तर देवीलाच जा, लेकरांची शहर-फेरी त्यात घालू नका. एरवीही मंगळवार टाळा.

सिंदेवाहीहून रेल्वे असेल तर मी आधी रेल्वे म्हणेन. गोंदिया-बल्लारशा मार्गावरची गाडी मूल गावानंतर केळझरच्या जंगलातून जाते, मुलांना ती खिडकीच अर्धी सहल वाटते. मात्र ती गाडी चांदा फोर्ट स्टेशनला थांबते. चंद्रपूर नावाचं दुसरं स्टेशन वर्धा-बल्लारशा मार्गावर आहे. नातेवाइकांना "स्टेशनवर या" सांगून दोन स्टेशनांवर एकमेकांची वाट पाहणारी माणसं मी पाहिलीत. गाड्या मोजक्या, म्हणून परतीला बस धरूनच चाला. बसचा हिशेब सोपा आहे: मुलगी पाच वर्षांखालची म्हणून फुकट, मुलाचं अर्धं तिकीट, २०२३ पासून बायकांना अर्धं म्हणून तुमचं आणि सासूबाईंचंही अर्धं. सासूबाईंची पंचाहत्तरी झाली असेल तर त्यांचं तेही नाही, फक्त आधार कार्ड सोबत ठेवा. पूर्ण तिकीट एकट्या तुमच्या मिस्टरांचं.

शहरात उतरलात की पाच-सहा तासांसाठी एकच ऑटो ठरवा. जागोजागी नवा ऑटो शोधण्यात लेकरांचा जीव जातो. भाव आधी बोला, आणि "थांबायचं धरून" असं स्पष्ट म्हणा.

सुरुवात अंचलेश्वर गेटापासून. ही पूर्वेची बाजू. परकोटाला चार दरवाजे: उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला बिनबा. जटपुऱ्याला उतरू नका, तिथे दिवसभर गाड्यांची कोंडी असते आणि चार वर्षांच्या मुलीचा हात सुटला तर काळजाचं पाणी होईल. ऑटोतून जाताना दाखवा, पुरे. अंचलेश्वराकडे दरवाजा, देऊळ, गोंड राजांच्या समाध्या आणि झरपट नदी एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. महाकालीचं देऊळही गेटाबाहेर जवळच. सासूबाईंना देवीचं दर्शन सकाळीच करून द्या. म्हातारं माणूस दर्शनाविना दिवसभर अडकून राहिलं की सगळ्यांची घाई सुरू होते. त्यांचं झालं की त्या स्वतःच लेकरांना सावलीत घेऊन बसतील.

दरवाजावर एक काम मुलाला द्या: सिंह शोध. गोंड राजांचं चिन्ह तिथे दगडात कोरलेलं आहे, हत्तीला दाबून धरणारा सिंह. हत्ती सिंहापेक्षा लहान का, हे त्याला विचारू द्या. माझ्या वर्गात एक गोंड मुलगा होता, दोन वर्षांत आपणहून एक शब्द बोलला नव्हता. मी त्या चिन्हाबद्दल सांगत होतो तर त्यानं माझा सदरा ओढून विचारलं, "हे आमच्या राजाचं हाये?" मी व्हय म्हटलं. मग दिवसभर तोच पुढे, प्रत्येक दरवाजावर बाकीच्यांना बोटानं दाखवत, "आमचं." तुमच्या शेजारची आदिवासी घरातली लेकरं सोबत नेता आली तर जरूर न्या. आपल्या भागात या राजांची नावं शाळेच्या पुस्तकात उशिरा आणि थोडीच येतात.

तिथून नदीकडे. झरपट आज पाहाल तर मन खट्टू होईल, गटाराचं पाणी, जलपर्णी. लेकरं नाक दाबतात. लपवू नका. "राजा हेच पाणी प्यायला?" हा प्रश्न हमखास येतो, आणि मला वाटतं त्या दिवसातला तोच सगळ्यात खरा प्रश्न असतो. मी सांगतो, तेव्हा चांगलं होतं, आपण घाण केलं. त्यापुढे भाषण देत नाही.

समाध्यांचं आवार हे तुमचं मुख्य ठिकाण. इथे दीड तास द्या. सगळ्यात मोठी समाधी वीरशहा राजाची, राणी हिराईनं बांधलेली. वीरशहा तिचा नवरा, त्याला त्याच्या दुसऱ्या लग्नाच्या वेळी मारलं गेलं अशी हकीगत आहे. मुलगा नव्हता. तिनं रामशहाला दत्तक घेतलं, राज्य चालवलं, महाकालीचं देऊळ नव्यानं बांधलं आणि नवऱ्याची ही समाधीही. नवऱ्यानं बायकोसाठी बांधलेल्या कबरीची गोष्ट जगाला पाठ आहे, बायकोनं नवऱ्यासाठी बांधलेली इथे दीडशे रुपयांच्या प्रवासावर आहे आणि आपल्याच जिल्ह्यातल्या निम्म्या लोकांनी पाहिलेली नाही. लेकरांना खुनाचं सांगायची गरज नाही. सातच्या मुलाला इतकं सांगा की राणी एकटी राहिली तरी तिनं राज्य सांभाळलं. चारच्या मुलीला काहीच सांगू नका, तिला खांबांच्या आड लपू द्या. लपाछपीचा आवाज जरा मोठा झाला की मी स्वतः दटावायचो. आता वाटतं, हिराईला पोरांचा आवाज नको वाटला असता असं थोडंच आहे? मात्र भिंतीवर चढणं, कोळशानं-खडूनं नावं लिहिणं, हे नाही. हे पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. आधीच कितीतरी बदाम आणि नावं कोरलेली दिसतील. मुलानं विचारलं तर सांगा, ही माणसं वेडी.

जेवण आवारात नको, बाहेर सावली बघून करा. शिदोरी घरचीच: दशम्या, तिळाची चटणी, गुळाचा खडा, कोरडा चिवडा. भाजी-वरण नेऊ नका, सांडतं आणि दुपारपर्यंत आंबतं. डब्यातला भात तर नकोच, मुलगी अंगभर करेल. त्या दिवसांत शिंगाडे निघालेले असतात. कोण्या मावशीच्या टोपलीत उकडलेले काळे शिंगाडे दिसले तर पावभर घ्या. सोलण्यात लेकरं पंधरा मिनिटं गुंततात आणि मोठ्यांना तेवढी विश्रांती मिळते. पोंगे मागतील, एक पुडी द्या, भांडण करू नका.

शौचालयाचं आधीच बोलतो, कारण सगळे शेवटी बोलतात आणि दिवस तिथेच मोडतो. जुन्या वास्तूंजवळ धड सोय मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. स्टेशनवर किंवा बसस्थानकावर उतरताच सगळ्यांना नेऊन आणा, "लागली नाही" म्हणणाऱ्याला आधी. मुलीच्या दोन चड्ड्या, एक जुना टॉवेल, पाण्याची वेगळी बाटली फक्त धुण्यासाठी. प्यायचं पाणी घरून, पाच माणसांना पाच लिटर जास्त नाही.

जेवणानंतर मुलगी झोपेल. झोपू द्या. रामाळा तलावाकाठी बाग आहे, आजी तिला मांडीवर घेऊन बसतील, आणि तेवढ्या तासात तुम्ही दोघं मुलाला घेऊन परकोटाकडे जा. सगळ्यांनी सगळं एकत्रच पाहिलं पाहिजे असं कुठे आहे? सहलीतली निम्मी भांडणं त्या हट्टातून येतात.

परकोट साधारण ११ किलोमीटरचा आहे. तो पूर्ण फिरायचा नाही, तुम्ही दोघंही नाही. मुलाला सांगा, आपण सशासारखे पाचशे पावलं चालू. त्यानं मोजावीत. मध्येच चुकेल, पुन्हा एकपासून मोजेल, तेवढ्यात तुम्ही बुरुजापर्यंत पोहोचलेले असाल. बरीच वर्षं या भिंतीवर झाडंझुडपं आणि कचरा माजला होता. २०१७ च्या मार्चपासून इको-प्रो संस्थेची पोरं रोज पहाटे येऊन तो साफ करत होती, शेकडो दिवस. आज भिंत भिंतीसारखी दिसते ती त्यांच्यामुळे. वरून चालायचं तर मूल तुमच्या हातात हवं, कठडा सगळीकडे नाही, दगड निखळलेले आहेत. पावसाळ्यानंतर गवत असेल तर वर जाऊच नका, खालून चाला. आणि बुरुजाच्या कपारीत मोहोळ दिसलं तर आवाज न करता मागे फिरा. धूर, दगड, टाळ्या, काही नाही.

मुलांना सगळ्यात जास्त आवडतात त्या खिडक्या. चार दरवाजांखेरीज परकोटाला पाच लहान दरवाजे आहेत, त्यांना खिडकी म्हणतात: विठोबा खिडकी, हनुमान खिडकी, बगड खिडकी, चोर खिडकी आणि मसण खिडकी. "खिडकीतून माणूस जाते?" इथूनच हसू सुरू होतं. चोर खिडकी म्हटलं की डोळे मोठे होतात. एखाद्या खिडकीतून मुलाला आत-बाहेर, आत-बाहेर करू द्या. आता तू चांद्यात, आता तू चांद्याबाहेर. शत्रू आला तर काय करशील, विचारा. किल्ला म्हणजे काय हे मी वर्गात दहा वर्षं शिकवलं, पोरांना ते कळलं खिडकीत उभं राहून. मोठा मुलगा असेल तर १८१८ सालच्या मे महिन्याचं सांगता येतं. इंग्रजांनी तोफा लावून ही भिंत फोडली आणि शहरात शिरले. तोवर गोंडांचं राज्य जाऊन नागपूरकर भोसल्यांचं आलेलं होतं. सातव्या वर्षी तोफेचा गोळा केवढा असेल एवढीच चर्चा होईल, तीही चालेल.

पठाणपुऱ्याकडे वेळ मिळाला तर इरई नदीच्या बाजूला उभं राहून बघा. मोठा पूर आला की पाणी त्या दरवाजाकडे चढतं. शत्रूसाठी बांधलेली भिंत पुराच्या पाण्यासमोरही उभी राहते, हे आपल्या धानवाल्या लेकरांना बांधीच्या धुऱ्यावरून लगेच समजतं.

जिल्हा कारागृह जुन्या गोंड राजवाड्याच्या जागेत आहे. आत जायचं नाही, बाहेरूनच जाताना मुलाला सांगा की इंग्रजांविरुद्ध उठाव करणाऱ्या बाबुराव शेडमाकेंना इंग्रजांनी २१ ऑक्टोबर १८५८ ला इथे फाशी दिलं, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. आतल्या पिंपळाला लोक अजून त्या दिवशी वंदन करायला येतात. हे सांगताना ऑटो थांबवा. धावत्या ऑटोत सांगायची गोष्ट नाही ती.

चारच्या सुमारास मुलगी उठलेली असेल. मग सगळे मिळून लालपेठला. तिथे उघड्या माळावर प्रचंड दगडी मूर्ती आडव्या पडलेल्या आहेत. रायप्पा नावाच्या व्यापाऱ्यानं भलं मोठं देऊळ बांधायला त्या घडवून घेतल्या, देऊळ होण्याआधीच तो वारला, आणि मूर्ती राहिल्या तिथेच. म्हणून नाव अपूर्ण देवालय. सगळ्यात मोठी दशमुखी दुर्गा, सुमारे २५ फूट लांब. दहा तोंडं पाहून लोक तिला रावणच म्हणतात. लेकरांना शेवटी इथे आणण्याचं कारण असं की इथे काही सांगावं लागत नाही. मुलगी नंदीजवळ उभी राहील, मुलगा दुर्गेच्या बाजूनं पावलं टाकत लांबी मोजेल, आणि "हे उचलून कसं आणलं?" असं विचारेल. तुम्ही म्हणा, "तूच सांग." माझ्या नातवानं सांगितलं होतं, "मोठ्या जेसीबीनं." आजूबाजूला कोळशाच्या खाणी, रस्त्यावर कोळशाचे ट्रक, त्यामुळे त्याचंही चुकलं नव्हतं. धूळ मात्र असते, मुलीच्या तोंडाला रुमाल बांधा.

ताडोबा, भद्रावती, बल्लारपूरचा किल्ला यातलं काहीही त्याच दिवशी घालू नका, कोणी कितीही सांगो. मिस्टर म्हणतील, "आलोच आहो तर." त्या "आलोच आहो तर"नं माझ्या किमान चार सहली बुडाल्या. भद्रावतीला विजासनच्या लेण्यांसाठी वेगळा दिवस काढा, पुढच्या वर्षी. तेव्हा मुलगी पाचची होईल आणि तिचं अर्धं तिकीट लागेल, एवढाच तोटा.

परतीच्या बसची वेळ सकाळीच बसस्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीवर विचारून हातावर लिहून ठेवा, मोबाइलची बॅटरी फोटोंनी संपलेली असते. शेवटची बस धरू नका, तिच्या आधीची धरा. जागा मिळाली तर मुलाला खिडकीपाशी बसवा. मूल गाव येईपर्यंत तो झोपलेला असेल, आणि उद्या सकाळी दीर विचारतील तेव्हा तो काय सांगेल ते मला जरूर कळवा. बकरी म्हणाला तरी चालेल.